केंद्रबिंदू हेळवाकच्या नैर्ऋत्येला

कोयनेला धक्का बसला की दुसऱ्या दिवशी सातारा, कराड, चिपळूणच्या पानांवर एक ठरीव बातमी येते. पाटण तालुक्यात भूकंपाचा सौम्य धक्का, रिश्टर स्केलवर तीव्रता इतकी, जीवित वा वित्तहानी नाही, धरण सुरक्षित. मध्येच कुठेतरी एक वाक्य असतं: भूकंपाचा केंद्रबिंदू कोयना धरणापासून अमुक किलोमीटरवर, हेळवाक गावाच्या नैर्ऋत्येला तमुक किलोमीटरवर होता आणि त्याची खोली इतकी होती. खोऱ्यातली माणसं तीव्रता बघतात, 'तीनच्या आतच आहे' म्हणतात आणि कामाला लागतात. हे मधलं वाक्य फारसं कोणी वाचत नाही. माझं लक्ष मात्र दर वेळी तिथेच अडकतं, कारण अख्ख्या बातमीत सर्वांत कष्टाने मिळवलेली माहिती तीच असते.

हेळवाकच्या नैर्ऋत्येला, पाच-सात किलोमीटर खाली, खडकात नेमकं काय झालं हे कोणी पाहिलेलं नसतं. तिथे कोणी जाऊन आलेलं नाही. जमिनीवर इकडेतिकडे काही यंत्रं ठेवलेली असतात आणि त्यांच्याजवळ सांगण्यासारखी मुख्य गोष्ट एकच असते: हादरा माझ्यापाशी इतके वाजून इतक्या सेकंदांनी पोचला. या वेळांच्या यादीतून जागा काढायची. म्हणजे भूकंपाचं ठिकाण कोणी मोजत नाही, ते ताडावं लागतं. ताडलेल्या गोष्टीत चूक असणारच. बातमीत आपल्याला टिंब दाखवतात, प्रत्यक्षात तो डाग असतो, कधी शंभर-दोनशे मीटरचा, कधी पाच किलोमीटरचा. कोयनेच्या पोटात काय चाललंय याबद्दल गेल्या साठ वर्षांत जे काही कळलं, त्यातलं बरंचसं हा डाग लहान करत करत कळलेलं आहे.

खडक तुटून सरकला की दोन प्रकारच्या लहरी निघतात. एक पी लहर. ती आवाजासारखी खडकाला दाबत आणि सोडत पुढे जाते. दुसरी एस लहर, जी खडकाला आडवं हलवते. पश्चिम घाटाच्या मुळाशी असलेल्या ग्रॅनाइटसारख्या खडकात पी सेकंदाला सहा किलोमीटरच्या आसपास जाते, एस साडेतीन. आधी भांड्यांचा बारीक खडखडाट किंवा जमिनीखालून गुरगुर आणि मग खरा दणका, असं कोयनेकाठची माणसं सांगतात, ते यामुळेच.

आता कराडच्या स्टँडवर या. दोन एसट्या एकाच क्षणी सुटल्या असं धरा. एक विनाथांबा, ताशी ६० किलोमीटरची. दुसरी प्रत्येक फाट्यावर थांबणारी, सरासरी ताशी ३५ ची. तुम्ही पुढे रस्त्यावर कुठेतरी उभे आहात. गाड्या कधी सुटल्या ते तुम्हाला ठाऊक नाही. पण पहिली समोरून गेल्यावर बरोबर दहा मिनिटांनी दुसरी गेली एवढं घड्याळात पाहिलं, तर स्टँड तुमच्यापासून १४ किलोमीटरवर आहे हे तुम्ही सांगू शकता. फरक तासाभराचा असेल तर ८४ किलोमीटर. ६० आणि ३५ हे आकडे मी मुद्दाम घेतले, कारण दोन लहरींच्या वेगाचं प्रमाणही जवळपास तेच आहे. पी आणि एस यांच्या येण्यात एका सेकंदाचा फरक म्हणजे आठ-साडेआठ किलोमीटर अंतर. यंत्राच्या नोंदीवर दोन सेकंदांचा फरक दिसला की भूकंप १६-१७ किलोमीटरवर झाला, हा हिशेब या क्षेत्रातला माणूस मनातच करतो.

अंतर मिळालं, पण दिशा मिळाली नाही. म्हणून त्या अंतराच्या त्रिज्येचं एक वर्तुळ नकाशावर काढायचं. दुसऱ्या ठाण्याभोवती दुसरं, तिसऱ्याभोवती तिसरं. तिन्ही जिथे छेदतात तो केंद्रबिंदू. शाळेच्या पुस्तकातला धडा इथे संपतो आणि माझ्या मते मुलांची दिशाभूल इथेच होते, कारण आकृतीत ती तिन्ही वर्तुळं एकाच टिंबात सुरेख भेटलेली असतात. खऱ्या नकाशावर ती तशी भेटत नाहीत. मध्ये एक वेडावाकडा त्रिकोण उरतो आणि भूकंप त्या त्रिकोणात किंवा त्याच्या आसपास कुठेतरी असतो. कारण उघड आहे. भूकंप नकाशाच्या कागदावर होत नाही, खाली होतो, तेव्हा ही वर्तुळं नसून चेंडू असायला हवेत. शिवाय प्रत्येक वेळेत थोडी खोट असते आणि प्रत्येक वेगात थोडा अंदाज.

या गोंधळातून मार्ग काढणारी रीत जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या लुडविग गायगर यांनी १९१० च्या सुमारास सांगितली आणि आजही बहुतेक संगणक तीच वापरतात. अज्ञात गोष्टी चार: अक्षांश, रेखांश, खोली आणि भूकंप सुरू झाल्याची वेळ. आधी एक जागा आणि वेळ सरळ अंदाजाने धरायची. तिथून प्रत्येक ठाण्यावर लहर कधी पोचायला हवी होती ते काढायचं. खरोखर पोचलेल्या वेळेशी ताळा करायचा. बाकी राहतेच. मग ती बाकी कमी होईल अशा दिशेने जागा किंचित सरकवायची आणि पुन्हा सगळा हिशेब. जुना कारकून जमाखर्च जुळेपर्यंत वही सोडत नसे, तसं. फरक एवढाच की इथे बाकी कधीच शून्य होत नाही. ती एका पातळीला येऊन अडते आणि उरलेली बाकी म्हणजेच आपल्या अज्ञानाचं माप.

ही बाकी येते कुठून? पहिला गुन्हेगार घड्याळ. दशांश सेकंदाची चूक म्हणजे सहाशे मीटर, हे वरच्या वेगावरून लगेच दिसतं. कागदाच्या रुळावर नोंद होत असे त्या काळात ठाण्यावरचं घड्याळ रेडिओवरच्या वेळेशी जुळवून घ्यावं लागे. आता प्रत्येक यंत्राच्या डोक्यावर जीपीएसची छोटी तबकडी असते, आणि घड्याळाचा प्रश्न जवळजवळ मिटला आहे.

दुसरी गोष्ट अजून मिटलेली नाही. ती म्हणजे लहर नक्की कधी आली हे ठरवणं. संगणकाच्या पडद्यावर भूकंपाची नोंद पाहिली नसेल तर ती अशी असते: डावीकडून एक बारीक, थरथरती रेघ येत राहते. ही जमिनीची नेहमीची कुरकुर: वारा, रस्त्यावरचा ट्रक, गोठ्यातली म्हैस, समुद्राच्या लाटा. मग रेघ अचानक वर किंवा खाली उडी मारते. ती पी. चांगल्या नोंदीत ही उडी सुरीने कापल्यासारखी स्वच्छ असते. तिथे खूण करायची. या कामाला त्या क्षेत्रातले लोक 'पी पिक करणं' म्हणतात. सेकंदाला शंभर नोंदी घेणाऱ्या यंत्रावर सराईत माणूस ती खूण एक-दोन शतांश सेकंदांत बसवतो. एसचं मात्र तसं नाही. ती पीची शेपटी अजून वळवळत असताना येते, त्या गोंधळात मिसळते आणि अनेकदा हळूहळू फुगत जाते. दोन अनुभवी माणसं एकाच नोंदीवर एस वेगवेगळ्या ठिकाणी लावतात. आणि एस चुकली की अंतर चुकलं.

तिसरी अडचण कोयनेची स्वतःची, म्हणजे वाट. कुंभार्ली घाट उतरताना कापलेल्या डोंगराकडे बघा. काळा कातळ, त्यावर पोकळ्यांनी भरलेला कमकुवत थर, मध्येच विटकरी मातीची पट्टी, पुन्हा काळा कातळ. लाव्हाच्या एका लोंढ्यावर दुसरा, असे थर चढत गेले. त्यातल्या प्रत्येक थरात लहरीचा वेग थोडा निराळा. वरच्या झिजलेल्या मुरमात आणि सड्यावरच्या जांभ्यात तर ती बरीच मंदावते. आपण हिशेबात मात्र वेगाचे दोन-तीन सरळ आकडे घालतो. घाटातल्या गाडीला सरासरी ताशी ६० चा वेग लावण्यासारखंच हे आहे. गाडी कुठे रखडली हे माहीत नसेल तर स्टँडचं अंतर चुकणारच.

खोलीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण सर्वांत जास्त फसगत तिथे होते. समजा ठाणं भूकंपापासून ५० किलोमीटरवर आहे. भूकंप ५ किलोमीटर खोलीवर झाला काय किंवा ९ किलोमीटरवर झाला काय, लहरीची एकूण वाट जेमतेम अर्ध्या किलोमीटरने बदलते आणि पोचण्याच्या वेळेत दशांश सेकंदाचाही फरक पडत नाही. तेवढी चूक तर नोंदीत आधीच आहे. उलट ठाणं बरोबर डोक्यावर, दोनेक किलोमीटरच्या आत असेल, तर त्याच दोन खोल्यांमुळे सहा दशांश सेकंदांहून जास्त फरक पडतो आणि तो डोळ्यांना दिसतो. म्हणून या धंद्यात एक ढोबळ नियम आहे: जवळचं ठाणं भूकंपाच्या खोलीपेक्षा फार लांब नसावं. लांब असेल तर खोली सांगू नये. पण पत्रकात खोलीचा रकाना असतोच. मग संगणकाला एक ठरावीक खोली धरून चालायला सांगतात. अनेक जागतिक आणि राष्ट्रीय याद्यांत ती १० किलोमीटर असते, पूर्वी ३३ असायची. भूकंपाच्या बातमीत नेमकं 'खोली १० किलोमीटर' असं वाचलंत, तर तो आकडा बहुधा मोजलेला नाही, धरलेला आहे, असं समजायला हरकत नाही.

हे सगळं मनात ठेवून कोयनेच्या सुरुवातीच्या दिवसांकडे पाहिलं की तेव्हाच्या लोकांची दया येते आणि कौतुकही वाटतं. शिवसागर जलाशयात १९६१-६२ मध्ये पाणी साठू लागलं आणि लागलीच परिसरात बारीक हादरे, जमिनीखालचे आवाज सुरू झाले. तोपर्यंत द्वीपकल्पाचा हा भाग भूकंपाच्या दृष्टीने शांत मानला जाई. पुण्याजवळ खडकवासल्याला असलेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने १९६३ च्या सुमारास चार भूकंपलेखक बसवले: कोयना, गोवळकोट, सातारा आणि महाबळेश्वर. नकाशा उघडून ही चार नावं शोधा. गोवळकोट चिपळूणजवळ, वायव्येला. सातारा ईशान्येला. महाबळेश्वर उत्तरेला. दक्षिणेकडे, वारणेच्या बाजूला, काहीच नाही. चौकोनी टेबलाला एकाच बाजूने पाय लावावेत तसं. अशा मांडणीत उत्तर-दक्षिण दिशेची चूक सहज लपून राहते, आणि कोयनेखालचा भ्रंश, म्हणजे खडक जिथे तुटून सरकतो ती भेग, नेमका साधारण उत्तर-दक्षिण धावतो. त्याआधी एकही यंत्र नसलेल्या डोंगराळ मुलखात चार ठाणी उभी राहिली हेही लहान काम नव्हतं.

मग १९६७ चा भूकंप आला. महाराष्ट्रात सगळे ११ डिसेंबर म्हणतात. शास्त्रीय लेखांत १० डिसेंबर असतं. दोन्ही बरोबर आहेत. पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं झाली होती तेव्हा ग्रीनिचला आदल्या रात्रीचे पावणेअकरा वाजून गेले होते. तीव्रता ६.३. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली, कोयनानगर आणि आजूबाजूची घरं कोसळली. धरणाला तडे गेले, पण ते उभं राहिलं. धरणाच्या अंगातच हादऱ्याचा जोर मोजणारं एक यंत्र बसवलेलं होतं. धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट इतका झटका त्याने टिपला. ती नोंद जगभरातल्या धरण-अभियंत्यांनी नंतर इतक्या वेळा वापरली की कोयना हे नाव त्यांच्या पाठ्यपुस्तकांत कायमचं गेलं. गंमत अशी की धक्का किती जोराचा होता हे एवढं नेमकं कळलं, पण तो कुठे झाला याबद्दल वेगवेगळ्या संस्थांची उत्तरं एकमेकांशी जुळेनात. केंद्रबिंदूही वेगळे, खोलीही वेगळी.

शेवटी साक्ष दिली ती जमिनीने. डोणीचा वाडा गावाजवळ भूकंपानंतर जमिनीत भेगा पडलेल्या सापडल्या. एकामागे एक तिरप्या, आणि सगळ्या मिळून उत्तर-ईशान्येकडून दक्षिण-नैर्ऋत्येकडे जाणारी एक ओळ. दोन बाजू एकमेकींना घासून आडव्या सरकल्या की अशा भेगा पडतात. त्यावरून या भ्रंशाला गावाचं नाव मिळालं. इंग्रजी लेखांतून फिरून ते 'डोनाचीवाडा फॉल्ट' म्हणून परत आलं. पण वरच्या भेगा हा वरवरचाच पुरावा. खाली काळ्या कातळाची हजारभर मीटरची चादर, आणि खरा भ्रंश त्या चादरीखालच्या जुन्या खडकात. तो किती खोल, सरळ उभा की कलता, एक की अनेक, हे सांगू शकतील असे साक्षीदार फक्त भूकंपच. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न: ते कुठे झाले?

भूकंप भरपूर होते. १९६७ पासून कोयना-वारणा पट्ट्यात पाच किंवा त्याहून मोठे वीसपेक्षा जास्त, आणि लहान तर हजारोंनी. १९८५ पासून दक्षिणेला वारणेचा जलाशय भरू लागला आणि पुढे १९९० नंतर हालचाल तिकडेही सरकली. एवढं सगळं साधारण ३० बाय २० किलोमीटरच्या पट्ट्यात. धरणाचं पाणी भूकंप 'तयार' करतं असं अजूनही अनेक जण समजतात. पाणी तयार करत नाही. आधीच ताणलेल्या खडकाच्या फटींत ते दाब वाढवतं आणि सुटायला आलेली गाठ लवकर सोडवतं. पण हेसुद्धा नेमकेपणाने दाखवायचं तर पाण्याचा दाब कोणत्या फटीपर्यंत, किती खोल पोचला हे सांगता यायला हवं. केंद्रबिंदूंचा नकाशा ढगासारखा पसरलेला असेल तर कुठली फट आणि कुठलं काय?

तो नकाशा खरोखरच ढगासारखा होता. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने २००५ पासून इथे नव्या यंत्रांचं जाळं उभं केलं, ठाणी दोन्ही जलाशयांच्या भोवती चहूबाजूंनी पसरली, आणि दक्षिणेची जुनी पोकळी भरली. त्यानंतरचं पाऊल मला सर्वांत हुशारीचं वाटतं. वरची जमीन गोंगाट करते, पावसाळ्यात तर विचारायलाच नको. मग यंत्र खाली का नेऊ नये? भूविज्ञान मंत्रालयाच्या मोहिमेत, डॉ. हर्ष गुप्ता यांच्या पुढाकाराने, दीड किलोमीटरपर्यंत खोल अशी आठ-नऊ छिद्रं पाडली. काळ्या कातळाची जाडी कुठे ४०० मीटर, कुठे १२०० च्या वर निघाली. त्याखाली गाळाचे दगड असावेत असा काहींचा कयास होता. तसं काही मिळालं नाही, कातळ थेट ग्रॅनाइटच्या जातीच्या पुरातन खडकावर बसलेला होता. यातल्या काही छिद्रांत, एक ते दीड किलोमीटर खोलीवर, भूकंपमापक सोडले. एका फटक्यात तीन अडचणी सौम्य झाल्या. गोंगाट गेला, म्हणून पी स्वच्छ आणि एसही धारदार. वाटेतला थरांचा कातळ वगळला गेला. आणि यंत्र भूकंपाच्या जवळ आल्यामुळे खोली मोजण्याजोगी झाली. डाग काहीशे मीटरवर आला.

याहून बारीक जायचं तर हिशेबाचीच रीत बदलावी लागते. ती बदलली कॅलिफोर्नियात. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या पूर्व काठाने हेवर्ड नावाचा भ्रंश जातो. बर्कली विद्यापीठाचं क्रीडांगण चक्क त्याच्यावर बांधलेलं आहे आणि भ्रंश हळूहळू सरकतो तसं ते दोन बाजूंना ओढलं जातं. तिथे यंत्रं भरपूर, नोंदी उत्तम, तरी केंद्रबिंदूंचा नकाशा धुरकटच. फेलिक्स वाल्डहाउझर आणि विल्यम एल्सवर्थ यांनी २००० मध्ये त्यावर एक युक्ती प्रसिद्ध केली.

पुन्हा एसटीकडे जाऊ. हेळवाकहून एक गाडी आणि जरा अलीकडच्या गावाहून दुसरी, दोन्ही एकदम चिपळूणकडे निघाल्या. कुंभार्ली घाटात एक ट्रक बंद पडलेला. दोन्ही गाड्या त्याच रांगेत सारख्याच रखडल्या. किती रखडल्या हे आपल्याला माहीत नाही, त्यामुळे एकेका गाडीच्या वेळेवरून तिच्या गावाचं अंतर काढलं तर भलतंच येईल. पण दोन गाड्या चिपळूणला पाच मिनिटांच्या फरकाने आल्या, तर त्या पाच मिनिटांत ट्रकचा काही वाटा नाही. तो दोघींना समान होता, वजाबाकीत उडून गेला. उरलं ते दोन गावांमधलं अंतर. शेजारी-शेजारी झालेल्या दोन भूकंपांच्या लहरी दूरच्या एका ठाण्याकडे जवळपास एकाच वाटेने जातात, त्याच मुरमातून, त्याच पोकळ्यांतून. वाटेबद्दलचं आपलं अज्ञान दोघांना सारखंच लागू, म्हणून वजाबाकीत जातं. हजारो भूकंपांच्या जोड्या लावून, अशा लाखो वजाबाक्या एकदम सोडवायच्या.

त्यात दुसरी सोय अशी की एकाच जागेवरच्या दोन भूकंपांच्या नोंदी दिसायलाही जुळ्या असतात. एक बटर पेपरवर काढून दुसरीवर ठेवावी आणि इकडेतिकडे सरकवत वळणाशी वळण बसवावं. किती सरकवलं त्यावरून वेळेतला फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या घरात मिळतो, खूण करणाऱ्या माणसाच्या नजरेपेक्षा कितीतरी बारीक. संगणक हेच करतो.

हेवर्डचा ढग या पद्धतीने आक्रसला. पसरलेल्या ठिपक्यांच्या जागी बारीक, जवळजवळ आडव्या रेघा उमटल्या, भ्रंशाच्या पृष्ठावर ओरखडे ओढावेत तशा. मधले मोठाले भाग रिकामे. तेच ठिपके, तीच वर्षं, एकही नवा भूकंप न होता नकाशा बदलला. याच राज्यात सॅन अँड्रियास भ्रंशावरच्या पार्कफील्डला असंही दिसलं की दोनेक तीव्रतेचे काही भूकंप पुन्हापुन्हा एकाच चकतीवर होतात, आणि त्यांच्या नोंदी एकमेकींवर ठेवल्या तर वेगळ्या ओळखू येत नाहीत.

या युक्तीत एक मेख आहे आणि ती उत्साहाच्या भरात सांगायची राहून जाते. वजाबाकीने ठिपक्यांची आपसातली जागा अचूक कळते. सगळा पुंजका मिळून मात्र बाजूला सरकलेला असू शकतो. फोटो लख्ख, पण खिळा चुकीच्या जागी ठोकलेला. खिळा बरोबर ठोकायला एखादा धक्का असा लागतो ज्याची जागा आणि वेळ आपल्याला आधीच माहीत आहे. दगडाच्या खाणीतला सुरुंग त्याला चालतो. गावाला त्रास देणारा तोच सुरुंग इथे उपयोगी पडतो, अट एवढीच की तो कधी उडवला हे सेकंदाच्या अंशापर्यंत लिहून ठेवलेलं हवं. पार्कफील्डला २००४ नंतर भ्रंशाच्या आरपार छिद्र पाडलं तेव्हा हे सगळे उपाय एकत्र केले. आधी २००२ मध्ये शेजारी एक छिद्र घेऊन त्यात भूकंपमापकांची माळ सोडली, जमिनीवर सुरुंग उडवून वेग तपासले, मग तीनेक किलोमीटर खालच्या त्या छोट्या चकतीचा नेम धरला. पुढे भ्रंश सरकला तशी छिद्रातली पोलादी नळीच वाकू लागली, आणि नळी कुठे वाकते ते पाहून सरकणारी जागा हाताने दाखवता आली. भ्रंशाचं ठिकाण इतकं निर्विवाद सापडल्याची उदाहरणं जगात फार थोडी आहेत.

लहर आल्याची खूण करण्याचं काम आता यंत्रांना शिकवलेलं आहे, आणि जुन्या नोंदींतून नजरेतून सुटलेले भूकंप शोधण्याचंही. दक्षिण कॅलिफोर्नियात २००८ ते २०१७ या दहा वर्षांच्या नोंदी अशा तऱ्हेने पुन्हा चाळल्या तेव्हा १८ लाखांहून अधिक भूकंप निघाले, आधीच्या यादीच्या दसपट. पण हे बहुतेक इतके लहान की कुणाची झोपही मोडली नसेल.

कोयनेचं चित्र आज कसं दिसतं? एक रेघ नाही. उत्तरेला, कोयनेच्या बाजूला, डोणीचा वाडा भ्रंशाच्या दिशेने जाणारा पट्टा, जिथे खडक प्रामुख्याने आडवे घसरतात. दक्षिणेला, वारणेकडे, वायव्य-आग्नेय दिशेचे तुकडे, जिथे एक बाजू खाली बसते. दोन शेजारच्या खोऱ्यांत दोन स्वभाव. जवळपास सगळं काही वरच्या १० किलोमीटरच्या आत. ढग पूर्ण आक्रसलेला नाही, पण त्याच्या आत आकार दिसू लागले आहेत. याचा रोजचा उपयोग काय, असं कोणी विचारतं. पुढचा भूकंप कधी येणार हे या नकाशावरून सांगता येत नाही आणि तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पण भ्रंशाचा सलग तुकडा किती लांब आणि किती खोल आहे यावर तिथे जास्तीत जास्त किती मोठा भूकंप होऊ शकेल ते ठरतं, आणि धरणाची, पुलाची, शाळेच्या इमारतीची ताकद त्या आकड्यावरून मोजावी लागते.

दुसरा उपयोग अगदी ठोस आहे. भ्रंशापर्यंत जायचं तर खोल छिद्र कुठे पाडायचं? सात किलोमीटर खालच्या फटीचा नेम दोन किलोमीटरने चुकला तर सगळा खर्च मातीत. म्हणून आधी भूकंप जिथे वारंवार होतात असे दोन किलोमीटर बाय दोन किलोमीटरचे पाच चौकोन निवडले. त्यांतून पाटण तालुक्यातलं गोठणे ठरलं. डिसेंबर २०१६ मध्ये काम सुरू झालं, जून २०१७ मध्ये छिद्र ३ किलोमीटरवर पोचलं. वरचे सव्वा किलोमीटर काळा कातळ, खाली पुरातन खडक. दीड किलोमीटरच्या जुन्या छिद्रांतून बाहेर काढलेले दगडाचे लांब दंडगोल कराडजवळ हजारमाचीला मंत्रालयाच्या भूछिद्र प्रयोगशाळेच्या ताब्यात आहेत.

तर पुढच्या खेपेला बातमीत हेळवाकचं नाव आलं की तीव्रतेबरोबर खोलीचा आकडाही वाचा. तो ३ पेक्षा मोठा असेल, आणि कोयनेत बहुतेक वेळा असतोच, तर गोठण्याचं छिद्र अजून तिथवर पोचलेलं नाही.